इंग्रजीसाठी देशांतर

पुण्याहून नगरच्या रस्त्याने पंधरा-सोळा किलोमीटर गेले म्हणजे वाघोली लागते. वाघेश्वराचे देवालय, पिलाजी जाधवरावांचे घराणे आणि डोंगर पोखरून काढलेल्या दगडाच्या खाणी, एवढ्यावर या गावाची ओळख पुष्कळ वर्षे भागत असे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तेथे अभियांत्रिकीची आणि व्यवस्थापनाची महाविद्यालये निघाली, त्यांच्यामागून वसतिगृहे आली, इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या आणि जून २०२१ अखेर हे गाव पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत दाखल झाले. आज तेथे भाजी घेणाऱ्यांच्या गर्दीत आफ्रिकेतल्या आणि अरब देशांतल्या तरुणांचे चेहरे दिसतात. कोणी संगणकशास्त्र शिकायला आलेला असतो, कोणी औषधनिर्माणशास्त्र. पण विषय कोणताही असो, त्याच्या पोटात आणखी एक विषय असतो, आणि तो म्हणजे इंग्रजी. परत गेल्यावर चांगली नोकरी लागायची तर पदवीइतकीच ही भाषा कामाची, हे त्याच्या घरच्यांनी हिशेब करून ठरविलेले असते.

आपल्यातला एखादा जुना माणूस यावर सहज विचारील की, इंग्रजी शिकायची तर माणसाने इंग्लंडला जावे. वाघोलीला कशाला यावे? जेथे रस्त्यावर मराठी बोलतात, दुकानात हिंदी बोलतात आणि इंग्रजी पाट्यांवर व वर्गात तेवढी भेटते, तेथे येऊन परक्या मुलाला ती भाषा कशी यायची? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर आजच्या वाघोलीकडे पाहून मिळणार नाही. परक्या देशात जाऊन इंग्रजी पदरात पाडून घेणारे विद्यार्थी एके काळी आपल्याच गावांतून निघाले होते. ते कसे गेले, कोणाच्या आधाराने शिकले आणि परत येताना काय घेऊन आले, हे आधी पाहिले पाहिजे.

पोटासाठी परकी भाषा शिकणे ही काही इंग्रजांनी आपल्याला लावलेली सवय नव्हे. वाघोलीचे पिलाजी जाधवराव थोरल्या बाजीरावांच्या काळात उत्तरेच्या मोहिमांवर गेले. त्या उत्तरेतल्या दरबारांची भाषा फारसी होती. मोगलांशी, निजामाशी, राजपुतांशी व्यवहार करायचा तर फारसी जाणणारा कारकून जवळ असावा लागे. मराठी राज्यात या कामाचा हुद्दा पारसनीस या नावाने प्रसिद्ध होता, आणि हुद्दा जाऊन दोन शतके झाली तरी आडनाव शिल्लक आहे. आपल्या मुलाने फारसी शिकावी, म्हणजे त्याचे भले होईल, असे त्या घरांतून म्हटले जात असणार. पुढे राज्य बदलले आणि भाषाही बदलली.

मौज अशी की, इंग्रजी अमलाच्या आरंभी नोकरीसाठी परकी भाषा शिकण्याचा प्रसंग प्रथम साहेबावरच आला. कंपनीच्या मुंबई इलाख्यातल्या अधिकाऱ्यांना देशी भाषांच्या परीक्षा द्याव्या लागत. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली बाहेर पडला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली, त्यामागे ही गरज होती. हे साहेब मराठी शिकले ते येथल्या शास्त्र्यांना जवळ बसवून. कोशाच्या कामाला ब्राह्मण पंडितांचे मंडळ होते, हे सर्वांना ठाऊकच आहे. म्हणजे परक्याला भाषा देणारा माणूस त्या भाषेच्या गावचाच असावा लागतो, ही गोष्ट त्यांनी अनुभवाने ओळखली होती.

मग पारडे फिरले. १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. कालांतराने पुण्याच्या शिक्षणात इंग्रजीने जागा घेतली, १८५७ साली मुंबईचे विद्यापीठ स्थापन झाले आणि मामलतदारी, वकिली, शिक्षकी यांची वाट इंग्रजीच्या दारातून जाऊ लागली. ही भाषा म्हणजे वाघिणीचे दूध, असे म्हणण्याची आपल्याकडे चालच पडून गेली. पण हे दूध घरबसल्या मिळत होते ते मुख्यतः पुरुषांना, आणि त्यातही थोड्या जातींच्या पुरुषांना. न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांच्या पुण्यातल्या घरीसुद्धा रमाबाई रानडे हरफर्ड नावाच्या बाईंकडून इंग्रजी शिकू लागल्या, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांचा केवढा रोष त्यांना सोसावा लागला, हे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. स्वतःच्या माजघरातून दिवाणखान्यापर्यंत जाणे हेच त्या काळी एका स्त्रीचे देशांतर होते. अशा वेळी खरोखरीच समुद्र ओलांडून गेलेल्या दोघींची हकीकत आपण पाहू.

पहिल्या आनंदीबाई जोशी. कल्याणास ३१ मार्च १८६५ रोजी त्यांचा जन्म झाला. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकर. पत्नीला शिकविण्याचा त्यांचा ध्यास विलक्षण होता, आणि तो पुरविताना त्यांनी दाखविलेला कठोरपणाही तितकाच विलक्षण होता. १८७८ साली कोल्हापुराहून त्यांनी वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या अमेरिकेतल्या शिक्षणाविषयी विचारणा केली. ते पत्र अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापले गेले आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोसिया कार्पेंटर या गृहिणीच्या वाचनात आले. दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता त्यांनी ते वाचले, असे सांगतात. ज्या मुलीला कधी पाहिले नाही, जिच्या देशाविषयी काही माहिती नाही, तिला या बाईंनी पत्र घातले आणि आमच्या घरी या असे कळविले. पुढची तीनेक वर्षे दोघींचा पत्रव्यवहार चालला. आनंदीबाईंचे इंग्रजी पक्के झाले त्यात गोपाळरावांच्या धाकाइतकाच या पत्रांचा वाटा असला पाहिजे. मायेने लिहिणाऱ्या माणसाला उत्तर द्यायचे असले म्हणजे शब्द शोधून काढले जातात.

फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी आपण अमेरिकेस का जातो, हे जमलेल्या लोकांना इंग्रजीतून सांगितले. अठरा वर्षेही पुरी न झालेली ही मुलगी. देशात स्त्री-डॉक्टर नाहीत आणि पुरुष डॉक्टरांपुढे आपले दुखणे मांडायला बायका धजत नाहीत, एवढे साधे तिचे कारण होते. त्या एप्रिलात कलकत्त्याहून निघून जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. बंदरावर कार्पेंटरबाई उभ्या होत्या. तो उन्हाळा आनंदीबाईंनी रोझेलला त्यांच्याच घरी काढला. कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणत. त्यानंतर फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण सुरू झाले आणि ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या.

त्या महाविद्यालयातले ऑक्टोबर १८८५ मधले एक छायाचित्र आता जगभर प्रसिद्ध आहे. त्यात तीन तरुणी आपापल्या देशांच्या पोशाखात आहेत. एक आपल्या आनंदीबाई, दुसरी जपानची केई ओकामी आणि तिसरी सीरियाची साबात इस्लांबुली. ओकामी १८८९ साली आणि इस्लांबुली १८९० साली पदवीधर झाल्या. तिघींचे धर्म निराळे, लिप्या निराळ्या, जेवणही निराळे. एकमेकींशी बोलायला तिघींजवळ एकच भाषा होती आणि ती तिघींनाही परकी होती. परदेशी जाऊन इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा इतिहास लिहायचा झाला तर हे छायाचित्र त्याच्या पहिल्या पानावर छापावे. आज वाघोलीच्या एखाद्या भाड्याच्या घरात सुदानचा मुलगा, येमेनचा मुलगा आणि नेपाळचा मुलगा एकत्र राहत असतील, तर त्यांचे आपसांतले इंग्रजी याच जातीचे.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्यांची गोष्ट अगदी निराळी, कारण त्या निघाल्या तेव्हाच विद्वान म्हणून गाजलेल्या होत्या. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या होत्या. संस्कृतावर असामान्य प्रभुत्व, शिवाय मराठी, कानडी, हिंदी, बंगाली या भाषा त्यांना येत होत्या. येत नव्हती ती इंग्रजी. १८८२ साली वैधव्य आल्यावर लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या, येथे आर्य महिला समाज काढला आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली. ती साक्ष त्यांना मराठीत द्यावी लागली. स्त्री-वैद्य होण्यासाठी विलायतेला जायचे त्यांनी ठरविले, आणि वाटखर्चासाठी ‘स्त्रीधर्मनीति’ हे मराठी पुस्तक लिहून छापले. परदेशी शिक्षणाचा खर्च मराठी पुस्तकाच्या विक्रीतून काढू पाहणारा विद्यार्थी यापूर्वी झाला नसावा.

१८८३ साली त्या इंग्लंडात वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. तेथे भाषा मिळाली, आसरा मिळाला. पण आसऱ्याबरोबर कधी कधी काय येते तेही त्यांना पाहावे लागले. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथेच आत्मघात केला. त्याच वर्षी रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि स्वदेशात त्यांच्याविषयी वादळ उठले. इकडे धर्माच्या बाबतीत त्या भगिनींचे आणि वरिष्ठांचे सगळेच ऐकत नाहीत, म्हणून तिकडेही त्यांना बोल लागले. श्रवणदोषामुळे वैद्यकाचा बेत सोडावा लागला. १८८४ पासून त्या चेल्टनहॅमच्या स्त्री-महाविद्यालयात संस्कृत शिकवू लागल्या आणि स्वतः इंग्रजी व शास्त्रे शिकू लागल्या. ही देवघेव ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जिच्याकडे द्यायला काही आहे अशा विद्यार्थिनीला परका देश केवळ याचक समजू शकत नाही.

१८८६ साली आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला हजर राहण्यासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. दुसऱ्याच वर्षी फिलाडेल्फियात त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयीचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. १८८२ साली साक्ष द्यायला ज्यांना इंग्रजी येत नव्हते, त्यांनी १८८७ साली इंग्रजीत पुस्तक लिहून परक्या वाचकांना आपल्या प्रश्नाकडे वळविले. बोस्टनला त्यांच्या कार्यासाठी मंडळ स्थापन झाले. त्या पैशांवर मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन निघाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. त्याच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई नातू. त्याच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई कर्वे झाल्या. आणि अमेरिकेतून परतल्यावर रमाबाईंनी जे पाहिले त्याचा वृत्तांत लिहिला तो मराठीत. युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती सांगणारे ते पुस्तक १८८९ साली प्रसिद्ध झाले. पैसा गोळा करायला इंग्रजी आणि घरच्यांना सांगायला मराठी, असा त्यांनी दोन भाषांचा चोख हिशेब ठेवला होता.

तिसरे उदाहरण गोव्याचे. साखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी. त्यांचा जन्म १८७६ चा. शाळेतले शिक्षण खेड्यातल्या मराठी शाळेपलीकडे फारसे गेले नव्हते. बुद्धाच्या धर्माचा शोध घ्यायचा म्हणून १८९९ साली घर सोडून ते पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे हिंडत शेवटी सिंहलद्वीपात पोहोचले आणि तेथे पाली शिकले. परत आल्यावर कलकत्त्यात पाली शिकवू लागले. सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा पन्नास रुपयांचे वेतन देऊ केले आणि ते महाराष्ट्रात आले. हार्वर्डचे प्राध्यापक वुड्स यांच्याशी त्यांची गाठ पडली आणि १९१० साली या माणसाला अमेरिकेतल्या त्या नामांकित विद्यापीठाने बोलावून घेतले. वॉरन या पंडिताने ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचे संपादन अपुरे ठेवून १८९९ साली देह ठेवला होता. ते पुरे करण्याचे काम कोसंबींना द्यायचे होते.

चाळिशीकडे झुकलेल्या माणसाने तेथे जाऊन परक्या भाषेत विद्वानांशी वाद घालायचे, हे सोपे नव्हते. पण पाली त्यांना येत होती, आणि तीही त्या देशातल्या पंडितांपेक्षा चांगली. काम झाले, श्रेय कोणाचे यावर मात्र प्राध्यापक लॅनमन यांच्याशी बिनसले आणि १९१२ साली ते परतले. पुढे पुन्हा काही वेळा ते हार्वर्डला गेले. ते संपादन अखेर १९५० साली, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, वॉरन आणि कोसंबी अशा दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाले. मधल्या काळात, १९१२ पासून, त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली, आणि बुद्धाविषयी लिहिले ते मुख्यतः मराठीत. त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी लहानपणी अमेरिकेत शिकले आणि १९२९ साली हार्वर्डचे पदवीधर झाले. बापाने कष्टाने मिळविलेली भाषा मुलाला अंगणात खेळता खेळता मिळाली.

या तिघांच्या चरित्रांतून मला तीन गोष्टी सारख्या दिसतात.

पहिली अशी की, तिघांनाही इंग्रजी हवी होती ती कामासाठी. आनंदीबाईंना रोग्यांसाठी, रमाबाईंना विधवांसाठी, कोसंबींना एका जुन्या ग्रंथासाठी. नोकरीसाठी भाषा शिकणाऱ्याला आपण हलके लेखतो, जणू ज्ञानासाठी शिकणारा निराळ्या वर्गातला. पण आनंदीबाईंना परत येऊन कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा मिळाली होती. ती नोकरीच होती. काम पोटाचे आहे म्हणून त्याची किंमत कमी होत नाही.

दुसरी अशी की, तिघांचीही आपली स्वतःची भाषा आधी भक्कम होती. इंग्रजी त्या पायावर चढली. तिने आधीची पुसून टाकली नाही. म्हणून तिघांनीही जाताना काही नेले आणि येताना आपल्या लोकांना काही दिले.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिघांनाही परक्या देशात शाळेबरोबर एखादे दार उघडे मिळाले. आनंदीबाईंना कार्पेंटरांचे घर मिळाले, रमाबाईंना वाँटेजचा मठ आणि चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांचा लोभ मिळाला, कोसंबींना वुड्ससारखा मित्र मिळाला. व्याकरण पुस्तकातून येते. पण रागावायचे कसे, आभार मानायचे कसे, थट्टा कळली हे हसून कसे दाखवायचे, आजारी असताना काय मागायचे, हे पुस्तकातून येत नाही. ते कोणाच्या तरी स्वयंपाकघरात येते. ज्यांना असे दार उघडे मिळाले नाही, त्यांची नावे आपल्याला आठवत नाहीत, आणि याचे कारण हेच असावे असे मला वाटते.

आता वाघोलीकडे वळू. स्वातंत्र्यानंतर पारडे पुन्हा एकदा फिरले. पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झाले. १९५० साली मौलाना आझादांनी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेची स्थापना केली, आणि आशिया व आफ्रिकेतल्या नव्याने जाग्या होणाऱ्या देशांतील विद्यार्थी शिष्यवृत्त्या घेऊन येथे येऊ लागले. मॉरिशसचे, इराणचे, केनियाचे विद्यार्थी पुण्याच्या महाविद्यालयांतून दिसू लागले. इराणात १९७९ साली क्रांती झाली आणि १९८० ते १९८३ पर्यंत तेथील विद्यापीठे बंद राहिली. तेथल्या तरुणांना बाहेरचे देश शोधावे लागले. इतिहासाची गंमत पाहा. ज्यांची भाषा शिकून आपले पारसनीस दरबारात मिरवत, त्या फारसी भाषेची मुले इंग्रजीसाठी पुण्याला येऊ लागली. पुणेकराला तोवर इराणी माहीत होता तो चहा आणि बनमस्क्यापुरता.

या विद्यार्थ्यांना पुण्याने कसे वागविले? एक प्रसंग प्रसिद्ध आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले शां. ब. मुजुमदार हे वसतिगृहाचे प्रमुख होते. एक मुलगी मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून आत काही देते, हे त्यांनी पाहिले. चौकशी केली तेव्हा कळले की, आत मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी पडला आहे आणि ती त्याला जेवण पोहोचविते आहे. परक्या देशातल्या मुलाला आजारपणात खिडकीतून जेवण मिळावे, ही गोष्ट त्यांना लागून राहिली. त्यातून १९७१ साली परदेशी विद्यार्थ्यांसाठी सिंबायोसिस ही संस्था निघाली. दोन निराळ्या जीवांनी परस्परांच्या आधाराने जगणे, हा त्या शब्दाचा वनस्पतिशास्त्रातला अर्थ. नाव प्राध्यापकांच्या विषयातूनच आले. पुढे ती संस्था फार मोठी झाली, इंग्रजी शिकविण्याची वेगळी सोयही तिने केली. पण तिचा उगम एका बंद दारात आणि उघड्या खिडकीत आहे, हे विसरू नये.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. हे विद्यार्थी इंग्लंड सोडून येथे का येतात? एक कारण पैशाचे. तिकडचे शुल्क आणि राहण्याचा खर्च येमेनच्या शिक्षकाला किंवा सुदानच्या दुकानदाराला झेपत नाही. दुसरे कारण असे की, आपल्याकडे उच्च शिक्षण इंग्रजीतून चालते. पदवी आणि भाषा एकाच शुल्कात पदरात पडतात. तिसरे कारण फारसे कोणी बोलून दाखवीत नाही. आपल्या प्राध्यापकाने इंग्रजी स्वतः परकी म्हणून शिकलेली असते. क्रियापद कोठे अडते, शब्दाच्या आरंभीची जोडाक्षरे जिभेवर का बसत नाहीत, हे ज्याला स्वतः अडखळून कळले आहे, तो अडखळणाऱ्याला चांगले समजावून देतो.

गरजही वाढत गेली आहे. १९६४ साली अमेरिकेतल्या विद्यापीठांसाठी टोफेल ही परीक्षा सुरू झाली, १९८९ साली आयईएलटीएस आली, आणि इंग्रजीला गुणांची मोजपट्टी लागली. मार्च २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणे करणाऱ्या वैमानिकांना इंग्रजीची ठरावीक पात्रता सिद्ध करावी लागते. रुग्णालय, जहाज, संगणकाची कचेरी, मदतकार्य करणारी संस्था, कोठेही वरच्या जागेसाठी ही भाषा विचारतात. २०१९-२० च्या सरकारी पाहणीत भारतात उच्च शिक्षण घेणारे परदेशी विद्यार्थी ४९,३४८ होते आणि ते १६८ देशांतून आले होते. त्यात नेपाळचे सर्वांत अधिक, त्याखालोखाल अफगाणिस्तानचे. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडले तेव्हा पुण्यातल्या अफगाण विद्यार्थ्यांची काय स्थिती झाली, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले. घरून पैसे येणे अवघड झाले आणि परत जाण्याची वाटही बंद. सुदानमध्ये एप्रिल २०२३ मध्ये युद्ध पेटले, येमेनमध्ये ते त्याच्याही आधीपासून चालू होते. करिअरसाठी म्हणून घर सोडलेल्या मुलांना शिक्षण पुरे होण्याआधीच घर उरले नाही.

येथेच पुण्याची आणि फिलाडेल्फियाची तुलना करताना एक अडचण येते. आनंदीबाईंना रस्त्यावर, दुकानात, शेजारी सगळीकडे इंग्रजीच ऐकू येत होती. वाघोलीच्या मुलाला वर्ग सुटला की इंग्रजीही सुटते. रिक्षावाल्याशी तो हिंदी शिकतो, भाजीवालीकडून दोन शब्द मराठीचे उचलतो, आणि खोलीवर गेला की आपल्या देशबांधवांशी आपल्या भाषेत बोलतो. तीन वर्षे राहूनही त्याचे इंग्रजी परीक्षेपुरतेच राहण्याचा धोका असतो. म्हणजे ज्या गावात रस्ता भाषा शिकवीत नाही, त्या गावात घराने शिकविण्याची गरज अधिक.

आणि घराची स्थिती काय आहे? परदेशी भाडेकरू म्हटला की कपाळाला आठी पडते. त्याची माहिती चोवीस तासांत सरकारी कचेरीला कळविण्याचे काम घरमालकावर असते, ते अनेकांना कटकटीचे वाटते. ते नियमाचे काम आहे आणि ते केलेच पाहिजे. पण आठी केवळ कागदांमुळे पडत नाही. कातडीचा रंग, स्वयंपाकाचा वास, रात्रीचे जागरण, कोठल्या तरी गावात कोणा एकाने केलेला गुन्हा, हे सगळे त्या एका मुलाच्या खात्यावर लिहिले जाते. जागा मिळाली तरी भाडे चढे, आणि शेजार मिळेलच असे नाही. दोन-तीन वर्षे गावात राहून गावातल्या एकाही घरात जेवायला न गेलेले विद्यार्थी किती असतील, याची कोणी गणती केलेली नाही.

कोणी म्हणेल, आम्ही काय धर्मशाळा उघडली आहे? ते शिकायला आले, शुल्क भरतात, भाडे भरतात, व्यवहार संपला. याला माझे उत्तर व्यवहाराच्याच भाषेत आहे. रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी आनंदीबाईंकडून काही घेतले नव्हते. बोस्टनच्या लोकांनी शारदासदनासाठी पैसे दिले, त्याचा लाभ पुण्यातल्या विधवांना झाला. हे सगळे आपल्या खात्यावर नावे पडलेले आहे. ज्यांनी दिले त्यांना ते परत करण्याची सोय आता उरली नाही. पण आपल्या दाराशी जो आला आहे त्याला ते देता येते. ऋण फेडण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे.

शिवाय यात आपलाही लाभ आहे. मराठ्यांच्या इतिहासाची पुष्कळशी साधने फारसीत आहेत. ग. ह. खरे यांच्यासारख्या संशोधकांनी ती भाषा कष्टाने साध्य करून ती साधने मराठी वाचकांपुढे ठेवली. आज फारसी ही ज्याची मातृभाषा आहे असा तरुण आपल्या शेजारी राहत असता आपण त्याला फक्त भाडे विचारावे, हे आपल्या शहाणपणाला शोभत नाही. रमाबाईंकडून चेल्टनहॅमने संस्कृत घेतले. तसे आपणही अरबी, फारसी, स्वाहिली ज्याच्या तोंडात आहे त्याच्याकडून काही घेऊ शकतो. देणाऱ्या-घेणाऱ्याचे नाते जुळले की संशयाला जागा कमी उरते.

यासाठी मोठ्या संस्था काढायला नकोत. महाविद्यालयांनी परदेशी विद्यार्थ्यांची वसतिगृहे निराळी ठेवण्याऐवजी खोल्या मिसळून द्याव्यात. गावातल्या वाचनालयाने आठवड्यातून एक संध्याकाळ इंग्रजी संभाषणाची ठेवावी. तिचा उपयोग खेड्यातून आलेल्या आपल्याही मुलांना तितकाच होईल, कारण त्यांचीही अडचण तीच आहे. निवृत्त शिक्षक प्रत्येक सोसायटीत आहेत. त्यांनी दोन मुलांना घरी बोलावून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावावे. दिवाळीला एक ताट जास्त वाढावे. भाषा त्या ताटावर पुष्कळ शिकवून होते.

आनंदीबाई मायदेशी परतल्या त्या क्षयाने पोखरलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले. मिळालेल्या जागेवर काम करण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या आणि त्या बाईंनी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवून वर नाव कोरविले. परक्या देशातून शिकायला आलेल्या मुलीला त्या घराने शेवटपर्यंत घरचे मानले. वाघोलीत शिकून गेलेला एखादा तरुण उद्या खार्टूममध्ये किंवा एडनमध्ये आपल्या मुलांना पुण्याची गोष्ट सांगू लागेल, तेव्हा त्या गोष्टीत महाविद्यालयाचे नाव येईलच. कोणा एका घराचे नाव येईल की नाही, ते मात्र आपल्यावर आहे.